संगणकावरील होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेले आहे का, हे कसे ओळखावे?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयातील संगणकांची देखभाल काही वर्षे मी करीत असे. तेथील हिशेबनिसांच्या संगणकावर उबुंटू १४.०४ ही लिनक्स प्रणाली होती, आणि त्यावरील प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरची प्रत रोज रात्री २ वाजता दुसऱ्या एका डिस्कवर उतरवणारी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल, मी स्वतः लिहिली होती. स्क्रिप्ट रोज चालत होती आणि रोज ‘काम पूर्ण झाले’ अशी नोंद करीत होती, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. एके दिवशी मूळ डिस्क कायमची बंद पडली, तेव्हा प्रतीची डिस्क जोडून मी हिशेबनिसांचे फोल्डर उघडले. त्यात दोनच नावे दिसत होती: एक ‘रीड-मी’ आणि दुसरे ‘अ‍ॅक्सेस युवर प्रायव्हेट डेटा’. त्याही खऱ्या फाइली नव्हत्या, दुसरीकडे बोट दाखवणारे दुवे होते. “बॅकअप रोज होतंय म्हणला होता की ओ तुम्ही,” एवढेच हिशेबनीस म्हणाले. पुढचा दीड महिना त्यांनी बँकेचे उतारे आणि छापील बिले समोर ठेवून हिशेब पुन्हा उभे केले.

चूक माझी होती. ज्याने त्या संगणकावर प्रणाली बसवली, त्याने बसवताना ‘माझे होम फोल्डर एन्क्रिप्ट करा’ या वाक्यापुढे खूण केली होती, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइलींचे फोल्डर गुप्त रूपात ठेवायला सांगितले होते. हिशेबनीस सायंकाळी लॉग-आउट करून घरी गेले, की त्यांचे फोल्डर मिटत असे आणि रात्री २ वाजता माझ्या स्क्रिप्टला त्या जागी फक्त बाहेरची पाटी दिसत असे. खरा मजकूर त्याच डिस्कवर दुसऱ्या एका ठिकाणी कूटरूपात पडून होता आणि त्या ठिकाणी माझी स्क्रिप्ट कधी गेलीच नाही. ‘हे फोल्डर एन्क्रिप्ट केलेले आहे का?’ एवढा एक प्रश्न तिने आधी विचारला असता, तर पुढचे सारे टळले असते. हा प्रश्न दिसायला हो-नाहीचा असला, तरी त्याचे खात्रीचे उत्तर मिळवणे बरेच नाजूक काम आहे, आणि ते का नाजूक आहे हे समजले म्हणजे एन्क्रिप्शन हा विषयच बऱ्याच अंशी समजतो.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. संगणक सुरू करताना पासवर्ड विचारला जातो, म्हणून आतील माहिती सुरक्षित आहे, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात लॉग-इनचा पासवर्ड हा चालू प्रणालीने घातलेला अडसर आहे. ती प्रणाली चालूच नसेल, म्हणजे कोणी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली किंवा पेन-ड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू केली, तर तो अडसर घालणारेच कोणी उरत नाही आणि सगळ्या फाइली जशाच्या तशा वाचता येतात. एन्क्रिप्शनमध्ये मात्र डिस्कवर लिहिला जाणारा मजकूरच एका गुप्त किल्लीच्या आधारे गणिती रीतीने बदललेला असतो. त्यासाठी आज सर्वांत जास्त वापरली जाणारी ‘एईएस’ ही पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. किल्ली नसेल, तर डिस्क कोणत्याही यंत्राला जोडली तरी हाती निरर्थक आकडेच लागतात.

अडचण इथूनच सुरू होते. वापरकर्ता लॉग-इन करून काम करीत असतो तेव्हा किल्ली संगणकाच्या स्मृतीत असते आणि प्रत्येक फाइल वाचताना उलगडून, लिहिताना गुंडाळून दिली जाते. हे इतके गुपचूप घडते, की वापरकर्त्याला आणि त्याने चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रामला सर्व फाइली साध्याच दिसतात. म्हणजे आत बसून फाइली उघडून पाहिल्याने काहीही सिद्ध होत नाही. उलट, फाइलीतील आकडे विस्कळीत दिसले म्हणून ती एन्क्रिप्ट केलेली आहे, असेही म्हणता येत नाही, कारण झिप फाइल किंवा मोबाइलवर काढलेला फोटोही आतून जवळपास तसाच विस्कळीत दिसतो. म्हणून फाइलींकडे न पाहता, फाइली आणि डिस्क यांच्या मध्ये कोण बसले आहे, हे प्रणालीला विचारावे लागते.

मध्ये बसणारा हा थर तीन ठिकाणी असू शकतो. चादरींच्या गोदामाचे उदाहरण घेतले, तर एका व्यापाऱ्याने सबंध गोदामाच्या दाराला कुलूप लावलेले असते, दुसऱ्याचे गोदामच अशा घडणीचे असते की त्यातील हव्या त्या खोलीला वेगळे कुलूप लागते, आणि तिसरा उघड्या गोदामात कुलूपबंद पेट्या ठेवून त्यांतील माल रोज सकाळी दुकानात मांडतो व रात्री पुन्हा पेट्यांत भरतो. लिनक्सवर पहिल्या प्रकाराचे मुख्य नाव ‘लक्स’, दुसऱ्याचे ‘एफएस-क्रिप्ट’ आणि तिसऱ्याचे ‘ई-क्रिप्ट-एफएस’ असे आहे. कारखान्यातील संगणकावर तिसरा प्रकार होता, आणि जुन्या यंत्रांवर आजही तोच सर्वाधिक फसवतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

उबुंटूने २००८ च्या ८.१० या आवृत्तीत ‘प्रायव्हेट’ नावाचे एकच फोल्डर ई-क्रिप्ट-एफएसने एन्क्रिप्ट करण्याची सोय दिली आणि पुढच्याच वर्षी, ९.०४ मध्ये, सबंध होम फोल्डर एन्क्रिप्ट करण्याची. पुढे २०१८ च्या १८.०४ आवृत्तीत प्रणाली बसवतानाचा तो पर्याय काढून टाकण्यात आला आणि सबंध डिस्क एन्क्रिप्ट करावी, अशी शिफारस होऊ लागली. मात्र जी यंत्रे आधी बसवली गेली आणि नंतर केवळ अद्ययावत होत राहिली, त्यांच्यावर ही जुनी व्यवस्था तशीच टिकून राहिली.

तिची रचना अशी असते. ‘होम’ या मुख्य फोल्डरच्या आत, बिंदूने सुरू होणाऱ्या नावाचे आणि म्हणून एरवी न दिसणारे, ‘ई-क्रिप्ट-एफएस’ हे एक फोल्डर असते. त्याच्या आत प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाचे एकेक फोल्डर असते, आणि त्यात पुन्हा दोन लपलेली फोल्डरे असतात: एकात कूटरूपातील सर्व फाइली, दुसऱ्यात मांडणीची माहिती व वापरकर्त्याच्या पासवर्डमध्ये गुंडाळलेली किल्ली. वापरकर्ता लॉग-इन करतो तेव्हा त्याच्या पासवर्डने ती किल्ली उलगडली जाते आणि कूटरूपातील फाइलींचे साधे रूप त्याच्या होम फोल्डरच्या जागी ‘माउंट’ केले जाते, म्हणजे त्या जागी जोडून दाखवले जाते. तो बाहेर पडला, की जोड काढून घेतली जाते.

साहजिकच पहिला उपाय सुचतो तो माउंटची यादी पाहण्याचा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘माउंट’ ही आज्ञा दिली, की कोणत्या जागी काय जोडलेले आहे याची यादी मिळते, आणि होम फोल्डरच्या ओळीत प्रकार म्हणून ई-क्रिप्ट-एफएस असे लिहिलेले दिसले, तर फोल्डर एन्क्रिप्ट केलेले आहे आणि या क्षणी उघडे आहे, हे निश्चित होते. पण ओळ दिसली नाही, तर काय ठरते? काहीच नाही. फोल्डर साधे असू शकते, किंवा एन्क्रिप्ट केलेले पण मिटलेले असू शकते. माझ्या स्क्रिप्टसारखे जे काम वापरकर्त्याच्या अनुपस्थितीत चालते, त्याच्या दृष्टीने ही यादी नेमकी गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरते.

या यादीत शोधताना आणखी एक बारीक चूक होते, आणि ती मी इतरांच्या स्क्रिप्टमध्ये अनेकदा पाहिली आहे. ‘अनिल’ या वापरकर्त्याचे फोल्डर शोधण्यासाठी यादीत नुसता तेवढा शब्द हुडकला, तर ‘अनिलकुमार’ या दुसऱ्याच वापरकर्त्याची ओळ सापडते आणि उत्तर चुकते. म्हणून ओळीतील जोडणीच्या जागेचा रकाना वेगळा काढून तो पूर्णपणे जुळतो का, हे तपासले पाहिजे. शिवाय प्रत्येकाचे घर ‘होम’ याच फोल्डरमध्ये असेल असे गृहीत धरणेही बरोबर नाही. वापरकर्त्याच्या घराचा खरा पत्ता प्रणालीच्या वापरकर्ता-सूचीतून घ्यावा, कारण मोठ्या कार्यालयांत तो दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या सर्व्हरवरही असतो.

मग मिटलेले फोल्डर कसे ओळखावे? वर सांगितलेल्या लपलेल्या फोल्डरात त्या वापरकर्त्याचे नाव आहे का, हे पाहणे ही दुसरी पायरी होय. मात्र वापरकर्त्याच्या घरात ‘ई-क्रिप्ट-एफएस’ नावाचे लपलेले फोल्डर सापडले, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. ज्याने केवळ ‘प्रायव्हेट’ हे एक फोल्डर एन्क्रिप्ट केले आहे, त्याच्याही घरात तेच नाव सापडते, पण त्याचे बाकीचे घर उघडेच असते. हा भेद ज्या एका फाइलीवरून कळतो, तिच्या नावात ‘प्रायव्हेट’ हा शब्द आणि त्यापुढे ‘एमएनटी’ ही तीन अक्षरे असतात. त्या फाइलीत एकच ओळ असते आणि त्या ओळीत उलगडलेल्या फाइली कोणत्या जागी जोडायच्या, याचा पत्ता असतो. पत्ता सबंध होम फोल्डरचा असेल, तर सबंध घर एन्क्रिप्ट केलेले आहे, आणि त्याच्या आतील प्रायव्हेट फोल्डरचा असेल, तर तेवढेच. मला या विषयातील सर्वांत विश्वासार्ह खूण हीच वाटते, कारण प्रणाली स्वतःही जोडणी करताना याच ओळीवर अवलंबून असते.

मराठी वापरकर्त्यांना उपयोगी पडेल अशी आणखी एक खूण आहे. ई-क्रिप्ट-एफएस फाइलींची नावेही कूटरूपात ठेवते आणि कूटरूप मूळ नावापेक्षा लांब होते, म्हणून मूळ नाव १४३ बाइटपेक्षा मोठे असून चालत नाही. साध्या लिनक्स डिस्कवर ही मर्यादा २५५ बाइट असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, पण देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांना प्रत्येकी तीन. म्हणजे अशा फोल्डरात देवनागरी नाव ४७ चिन्हांच्या पुढे जाऊ शकत नाही. ‘सिद्धेश्वर यात्रेसाठी पुरवलेल्या टॉवेलांचे बिल आणि पावती’ यांसारखे नाव दिले, की ‘फाइलीचे नाव फार लांब आहे’ अशी तक्रार येते, आणि तीच फाइल त्याच संगणकावर होम फोल्डरच्या बाहेर त्याच नावाने विनातक्रार साठवता येते. हिशेबनिसांनी ही तक्रार मला पूर्वी दोनदा सांगितली होती आणि मी त्यांना नावे लहान ठेवण्यास सांगून तो विषय संपवला होता. उत्तर माझ्यासमोर आले होते, मला ते वाचता आले नाही, ही खंत मला आजही आहे.

सबंध डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा प्रकार याहून वेगळा आणि माझ्या मते बहुतेकांसाठी अधिक चांगला आहे. लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) २००४ पासून ‘डीएम-क्रिप्ट’ नावाचा भाग आहे. तो डिस्कचा एक सबंध विभाग कूटरूपात ठेवतो, आणि ‘लक्स’ ही त्या विभागाच्या सुरुवातीला लिहायच्या माहितीची ठरलेली मांडणी आहे. त्या मांडणीच्या अगदी पहिल्या चार बाइटांत ‘लक्स’ ही रोमन अक्षरेच लिहिलेली असतात, त्यामुळे डिस्क बंद असली तरी तिचा प्रकार ओळखता येतो. या व्यवस्थेत होम फोल्डरला स्वतःचे कुलूप नसते, ते ज्या गोदामात आहे त्याला असते. म्हणून प्रश्नही बदलून विचारावा लागतो: हे होम फोल्डर डिस्कच्या कोणत्या विभागावर आहे, आणि त्या विभागाखाली कोठेतरी कूटथर आहे का?

पहिल्या भागाचे उत्तर ‘फाइंड-एमएनटी’ ही आज्ञा देते आणि दुसऱ्याचे ‘एलएस-बीएलके’. ही दुसरी आज्ञा डिस्क, तिचे विभाग आणि त्यांवर रचलेले थर यांचे झाड काढून दाखवते, आणि त्या झाडात होम फोल्डरच्या विभागापासून मूळ डिस्ककडे जाताना कोठेही ‘क्रिप्ट’ असा प्रकार दिसला, तर खाली एन्क्रिप्शन आहे. येथेही एक फसगत ठरलेली आहे. एन्क्रिप्ट केलेल्या विभागाच्या पत्त्यात ‘मॅपर’ हा शब्द दिसतो, म्हणून अनेक जण तो शब्द पाहिला की समाधान मानतात. परंतु अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांचे हवे तसे भाग पाडणारी ‘एलव्हीएम’ नावाची व्यवस्थाही तोच शब्द वापरते, आणि तिच्यात एन्क्रिप्शन मुळीच नसते. उबुंटू सबंध डिस्क एन्क्रिप्ट करते तेव्हा अनेकदा खाली लक्स, त्यावर एलव्हीएम आणि त्यावर होम फोल्डर अशी उतरंड असते. वरचे एकच मडके पाहून खाली काय आहे हे सांगता येत नाही, त्यामुळे झाड मुळापर्यंत वाचणे गरजेचे आहे.

एक अपवाद येथे नोंदवतो. डीएम-क्रिप्ट लक्सच्या मांडणीशिवायही वापरता येते, आणि तसे वापरल्यास बंद डिस्कवर ओळखीची कोणतीही खूण उरत नाही. ती डिस्क आणि वाटेल तशा विस्कळीत आकड्यांनी भरून पुसलेली डिस्क यांत बाहेरून फरक करता येत नाही. व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने बनवलेल्या डिस्कही मुद्दाम अशाच ठेवलेल्या असतात.

दुसऱ्या प्रकारातील एफएस-क्रिप्ट हे एक्स्ट-४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत २०१५ मध्ये, गाभ्याच्या ४.१ आवृत्तीपासून आले. अँड्रॉइड फोनमध्ये याच यंत्रणेवर आधारलेले एन्क्रिप्शन वापरले जाते, त्यामुळे तिचे नाव न ऐकलेल्या असंख्य माणसांच्या खिशात ती रोज फिरते आहे. येथे माउंटच्या यादीत काहीही वेगळे दिसत नाही, कारण वेगळी जोडणी होतच नाही आणि एन्क्रिप्शन हा त्या फोल्डरचाच एक गुण असतो. तो ‘एलएस-अ‍ॅटर’ या आज्ञेने पाहता येतो: फोल्डरच्या गुणांच्या ओळीत मोठ्या लिपीतील ‘ई’ हे रोमन अक्षर दिसले, तर ते एन्क्रिप्ट केलेले आहे. मात्र त्याच ओळीत लहान लिपीतील ‘ई’ जवळजवळ प्रत्येक फाइलीला असते आणि त्याचा अर्थ पूर्णपणे वेगळा आहे, त्यामुळे लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न पाळणारी स्क्रिप्ट येथे सगळ्याच फोल्डरांना एन्क्रिप्ट केलेले ठरवते. ‘एफएस-क्रिप्ट स्टेटस’ ही आज्ञा उपलब्ध असेल, तर ती अधिक स्पष्ट उत्तर देते आणि फोल्डर उघडे आहे की मिटलेले, हेही सांगते. मिटलेल्या अवस्थेत फाइलींची नावे अगम्य अक्षरांची दिसतात आणि उघडू गेल्यास आवश्यक किल्ली उपलब्ध नाही, असा संदेश येतो. फाइलीचा आकार, तारीख आणि ती कोणाची आहे, ही माहिती मात्र बाहेरूनही दिसते.

लिनक्स सुरू करून तिच्यावरील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडी या प्रकल्पाने २०२० मध्ये होम फोल्डर सांभाळण्यासाठी ‘होमडी’ नावाची सेवा आणली. तिच्यात वापरकर्त्याचे सबंध घर एका मोठ्या लक्स फाइलीत ठेवता येते, एफएस-क्रिप्टने ठेवता येते, तसेच साध्या फोल्डरातही ठेवता येते. या शेवटच्या पर्यायात एन्क्रिप्शन नसते, त्यामुळे होमडी चालू आहे एवढ्यावर न थांबता ‘होम-सीटीएल इन्स्पेक्ट’ या आज्ञेने साठवणीचा प्रकार वाचावा.

विंडोज आणि मॅक वापरणाऱ्यांसाठी हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात येतो. अ‍ॅपलच्या फाइलव्हॉल्ट या सोयीत २००३ पासून फक्त होम फोल्डर एन्क्रिप्ट होत असे. २०११ च्या लायन आवृत्तीपासून सबंध डिस्क होते. विंडोजमध्ये बिटलॉकर ही एन्क्रिप्शनची सोय सबंध ड्राइव्हला लागते, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘मॅनेज-बीडीई’ या आज्ञेने त्याची स्थिती विचारता येते. त्या उत्तरात दोन ओळी वेगवेगळ्या वाचायच्या असतात. एका ओळीत ड्राइव्ह पूर्ण एन्क्रिप्ट झाल्याचे आणि दुसरीत संरक्षण बंद असल्याचे लिहिलेले असू शकते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात: मजकूर कूटरूपात आहे, पण तो उलगडण्याची किल्लीही त्याच ड्राइव्हवर उघडी लिहून ठेवली आहे. नव्या मॅक संगणकांतही डिस्कवरील मजकूर कायम कूटरूपातच असतो, परंतु फाइलव्हॉल्ट सुरू केल्याशिवाय तो उलगडण्यासाठी वापरकर्त्याच्या पासवर्डची गरज पडत नाही. म्हणून ‘एन्क्रिप्ट केलेले आहे का’ या प्रश्नाला ‘किल्ली कोठे आहे आणि ती कोणाच्या पासवर्डने उघडते’ हा प्रश्न जोडल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

ज्यांना आज्ञा देण्याची सवय नाही, त्यांच्यासाठी एक खात्रीचा प्रयोग आहे. उबुंटू भरलेला पेन-ड्राइव्ह लावून संगणक त्यावरून सुरू करावा, ‘बसवा’ याऐवजी ‘वापरून पाहा’ हा पर्याय निवडावा आणि तेथून मूळ डिस्क उघडण्याचा प्रयत्न करावा. डिस्क उघडताच पासवर्ड विचारला गेला, तर सबंध विभाग एन्क्रिप्ट केलेला आहे. डिस्क उघडली, पण होम फोल्डरात अगम्य नावे किंवा मला मिळाली तशी दोनच नावे दिसली, तर फोल्डर एन्क्रिप्ट केलेले आहे. आणि तुमच्या मुलांचे फोटो, बिले, आधार कार्डाची प्रत हे सारे सहज उघडले, तर ते कोणालाही तितक्याच सहज उघडता येईल. नवी पेठेत जुना लॅपटॉप विकायला नेण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. हिशेब तपासनीस, वकील आणि डॉक्टर यांना तर विशेषकरून सांगतो, कारण त्यांच्या डिस्कवर इतरांची माहिती असते.

फक्त होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेले असेल, तर त्याच्या बाहेर काय सांडते, याचाही विचार हवा. स्मृती अपुरी पडल्यावर प्रणाली तिचा काही भाग डिस्कवरील ‘स्वॅप’ नावाच्या जागेत लिहून ठेवते, छपाईला पाठवलेली कागदपत्रे छपाईच्या रांगेच्या फोल्डरात उतरतात, आणि या जागा होम फोल्डरच्या बाहेर असतात. स्वॅप साधी असेल, तर कूटरूपात जपलेल्या पत्राचा एखादा परिच्छेद तेथे साध्या रूपात सापडू शकतो. सबंध डिस्क एन्क्रिप्ट करणे मला अधिक पसंत आहे, ते मुख्यतः याच कारणाने.

उलट दिशेची अडचणही तितकीच खरी आहे. फोल्डर मिटलेले असताना रात्री चालणारी कामे अडतात, आणि दुरून लॉग-इन करण्यासाठी लागणारी एसएसएच किल्ल्यांची यादी होम फोल्डरातच असल्यामुळे, फोल्डर उघडायला लॉग-इन हवे आणि लॉग-इनला उघडे फोल्डर हवे, असा पेच पडतो. ई-क्रिप्ट-एफएसमध्ये व्यवस्थापकाने वापरकर्त्याचा पासवर्ड परस्पर बदलला, तर गुंडाळलेली किल्ली जुन्याच पासवर्डमध्ये राहते आणि नव्या पासवर्डने लॉग-इन होऊनही घर उघडत नाही. जुना पासवर्ड विस्मरणात गेला असेल, तर एकच आधार उरतो, तो म्हणजे सुरुवातीला प्रणालीने दिलेला ३२ चिन्हांचा पुनर्प्राप्ती-संकेत.

त्या प्रसंगानंतर मी स्क्रिप्ट नव्याने लिहिली. आता ती प्रत्येक वापरकर्त्याच्या घराचा पत्ता सूचीतून घेते, आधी मिटलेल्या फोल्डराच्या खुणा पाहते, मग माउंटच्या यादीत पूर्ण पत्ता जुळवते, मग फोल्डरचे गुण वाचते आणि शेवटी डिस्कचे झाड मुळापर्यंत चढते. उत्तर मात्र ती हो किंवा नाही या दोन शब्दांत देत नाही. ‘साधे’, ‘एन्क्रिप्ट केलेले व उघडे’, ‘एन्क्रिप्ट केलेले व मिटलेले’ आणि ‘सांगता येत नाही’ अशी चार उत्तरे तिला मुभा म्हणून दिली आहेत. परवानगीअभावी एखादे फोल्डर वाचता आले नाही, खुणा एकमेकींशी विसंगत निघाल्या किंवा एखादी आज्ञाच त्या यंत्रावर नसली, तर ती चौथे उत्तर देते आणि ‘काम पूर्ण झाले’ असे लिहीत नाही. मिटलेले फोल्डर आढळले, तर साध्या फाइलींची वाट न पाहता ती कूटरूपातील फाइली आणि गुंडाळलेली किल्ली या दोन्हींची प्रत घेते, कारण एकीवाचून दुसरीचा उपयोग नसतो. लक्स असलेल्या यंत्रांवर विभागाच्या सुरुवातीच्या त्या मांडणीचीही एक प्रत आम्ही वेगळी ठेवतो. तेवढा भाग बिघडला, तर योग्य पासवर्ड असूनही डिस्क उघडत नाही.

कारखान्याच्या मालकांच्या तिजोरीत आता एक जाड लिफाफा आहे. त्यात प्रत्येक संगणकाचा पुनर्प्राप्ती-संकेत हाताने लिहून ठेवलेला आहे, आणि दर तीन महिन्यांनी हिशेबनीस आणि मी तो उघडून, एका संगणकाची रात्रीची प्रत दुसऱ्या यंत्रावर त्या संकेताने उलगडून, त्यातले शेवटचे बिल वाचून पाहतो.